वाळवलेली खोकी

नमुन्याचं खोकं टेबलावर ठेवलं की अक्का ते उचलून जमिनीवर ठेवायच्या आणि पदर सावरून सरळ त्याच्यावर बसायच्या. बसल्या बसल्या म्हणायच्या, "मी बठी देखस, मंग भाव सांगा."

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लहानसा कारखाना आहे. अक्का आल्या की माझ्या कामगारांना एकाएकी ऑफिसात कामं आठवायची. अक्का अंगाने चांगल्या भरलेल्या. खोकं हळूहळू एका बाजूला कलायचं, मग दबायचं, आणि अक्का त्याच्यासकट खाली यायच्या. चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. हात झटकत उठायच्या आणि पुढचा नमुना मागायच्या. त्यांच्या या परीक्षेत पास होणारं खोकं त्यांना परवडायचं नाही, आणि परवडणारं खोकं पास व्हायचं नाही. असे दोन महिने गेले. मी शांत माणूस नाही, हे माझ्या घरचे सांगतील. पण या बाईपुढे माझा आवाज चढला तरी तिला तो ऐकूच यायचा नाही.

त्या भडगावच्या. गल्लीतल्या बायका जमवून उन्हाळ्यात बिबडे करायच्या. ज्वारीचा हा मोठा, पातळ पापड. नीट वाळलेला बिबडा जोराने बोललं तरी तडकेल असा. आजवर तो प्लास्टिकच्या पिशवीत भरून बाजारात विकला जायचा. त्या वर्षी धुळ्याच्या एका मोठ्या दुकानदाराने चव घेतली आणि वर्षभर माल घ्यायची तयारी दाखवली. अट अशी, की माल खोक्यात हवा, खोकं फळीवर ताठ उभं राहायला हवं, आणि खोक्यापायी किंमत वाढता कामा नये. पहिल्या खेपेला माल फुटलेला निघाला, तर पुढची खेप नाही.

अक्कांच्या शेजारी शोभा नावाची विधवा बाई राहायची. दोन पोरांना घेऊन ती भावाकडे सुरतेला निघाली होती, सामानही बांधून झालं होतं. धुळ्याचा होकार येताच अक्कांनी तिला थांबवलं. काम मिळेल, वर्षभर मिळेल, असा शब्द देऊन बसल्या. खोक्यांवर एवढा जीव का टाकतात, ते मला त्या दिवशी कळलं. त्या माझ्या टेबलाशी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "माल फुटना तं शोभाले काय तोंड दखाडू?"

मग आम्ही दोघं खोकं सोलायला बसलो. मी मोठ्या हौसेने चार रंगांचं, चकचकीत, पुढे पारदर्शक खिडकी असलेलं खोकं दाखवलं होतं. अक्कांनी आधी खिडकी बंद केली. मग चकाकी गेली. मग रंग एकच उरला, तोही विटकरी. बिबडा दोन बोटं लहान केला तर एका कागदात जास्त खोकी बसतील, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी तो विषय पुन्हा काढला नाही. शेवटी ठरलं ते असं: फळीवरचं खोकं पातळ आणि स्वस्त, आणि अशी खोकी भरायला बाहेरून एक जाड पाच पदरी खोकं. ते जाड खोकं दुकानाच्याच गाडीने परत यायचं आणि पुन्हा वापरायचं. हिशेब जमला. अक्का जाड खोक्यावर बसल्या आणि बसूनच राहिल्या. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे दुसऱ्यांदा चहा मागितला.

खोकी पाठवताना मी फोनवर बजावलं, की पातळ खोकी कोरडी ठेवा, ओल लागली तर मऊ पडतील. तुम्ही किंवा मी असतो तर खोकी घरात ठेवून दार लावलं असतं. पण वर्षाची बेगमी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, वाळवून करणाऱ्या घरातली ही बाई. तिच्या लेखी कोरडं म्हणजे वैशाखाच्या उन्हात वाळलेलं. अक्कांनी सगळी खोकी उलगडून धाब्यावर अंथरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि दुपारी बायकांनी ती बिबड्यांसारखी उलटी केली. असं दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. त्याच दुपारी धुळ्याहून गाडी यायची होती. "भाऊ, खोकं दुमडताच तडकस," अक्का म्हणाल्या. "उन्हमा वाळेल चीज टिकस ना?"

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आते काय करू?"

मी मोटारसायकल काढली. भडगावला पोचलो तेव्हा पुठ्ठ्याचा पार पापड झाला होता. घडीच्या रेषेवर दुमडला की कट्‌ असा आवाज करून फाटायचा. तेवढी नवी खोकी माझ्याकडे तयार नव्हती. एकच मार्ग होता: जेवढी ओल उन्हाने काढून घेतली, तेवढी हळूहळू परत द्यायची. मी खोकी एका खोलीत उभी करायला सांगितली आणि कूलर लावला. बिबडे मात्र दूर, पलीकडच्या घरात. पाऊण तास झाला असेल, आणि लाईट गेली.

शोभा उठली, घरातली जुनी लुगडी हौदात बुडवून पिळली आणि दोऱ्या बांधून खोलीभर टांगली. बाकीच्या बायकाही आपापल्या घरून लुगडी घेऊन आल्या. दार लावलं. दाराशी अक्का. मधूनच आत हात घालून एक खोकं काढायच्या आणि दुमडायच्या. कट्‌. थोड्या वेळाने दुसरं. कट्‌. एकेक आवाज शोभाच्या चेहऱ्यावर उमटत होता. मी उगाच घड्याळ बघत होतो आणि मनातल्या मनात सगळ्या जगाला शिव्या देत होतो.

गाडी आली. ड्रायव्हरला घाई होती, त्याने हॉर्न दिला. अक्का उठल्या, त्याला ओट्यावर बसवलं आणि भाजलेला बिबडा, कच्चे शेंगदाणे आणि हिरवी मिरची पुढे ठेवली. तो एक खाऊन उठतो तोच दुसरा ठेवला. त्याचा तिसरा चालू असताना आतून एक खोकं आलं आणि अक्कांनी ते दुमडलं. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा उघडलं, पुन्हा दुमडलं. मग ते शोभाच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "भरा."

अक्का स्वतः गाडीत बसल्या, मीही बसलो. पारोळ्यानंतरचा रस्ता तुम्हाला माहीत असेल तर वेगळं सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला त्या रस्त्याकडे न बघता माझ्याकडे बघायच्या, जणू खड्डे मीच पाडले होते.

धुळ्याला दुकानदार शेठने एक खोकं वरचं उघडलं, एक तळातलं, एक मधलं. मधल्यात एक बिबडा दुभंगलेला होता. त्याने तो काढून काउंटरवर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि नोकराला खोकी फळीवर लावायला सांगितली. "पुढचा माल कधी देता?" त्याने विचारलं.

अक्का तडक बाहेर गेल्या आणि पायरीवर बसल्या. मला शोभाला फोन लावायला सांगितला. फोन लागला, त्यांनी कानाला लावला आणि माझ्याच हातात परत दिला. शेवटी मीच सांगितलं. पलीकडून बायकांचा गलका ऐकू आला. अक्का पदराने तोंड पुसत राहिल्या, आणि ऊन फार आहे म्हणाल्या. आम्ही सावलीत होतो.

मागच्या चैत्रात अक्का गेल्या. सकाळी चहा पिताना छातीत दुखलं, एवढंच. मला दोन दिवसांनी कळलं. भडगावला गेलो, त्यांच्या मुलाला भेटलो, फोटोपुढे बसलो. सुतकाचं घर, अक्कांचं धाबं रिकामं होतं. निघताना वर लक्ष गेलं, तर पलीकडच्या शोभाच्या धाब्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बिबडे वाळत घातलेले. शोभा एकटीच मधे उकिडवी बसून ते उलटत होती. डोळ्यांतलं पाणी बिबड्यावर पडू नये म्हणून तोंड बाजूला फिरवून रडत होती, आणि हात चालूच होता.

मला बघून ती कठड्याशी आली. "अक्का गयी, भाऊ," ती म्हणाली. "पन गाडी ते बुधवारनीच शे. खोकी कव्हय देशात?"

मी मंगळवारी देतो म्हणालो. परतताना एरंडोल येईपर्यंत मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.