काजवालीचं पिल्लू

माझी आत्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायची. खोली बिनखिडकीची, दार शिसं भरलेलं, भिंतीवर एक घड्याळ आणि मोडका पंखा. "दीर्घ श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा," हे ती दिवसभर इतक्यांदा म्हणायची की गावात तिला 'श्वास रोखा बाई' असंच नाव पडलं होतं. मंडईत भाजीवालेही तिला पाहून गमतीने छाती फुगवून उभे राहायचे. ती हसायची आणि म्हणायची, "सोडा आता, बिल लावणार नाही."

संध्याकाळी सुटल्यावर ती सरळ घरी येत नसे. दीपगृहाखालच्या खडकांवर जाऊन बसायची. दिवसभर चार भिंतींत कोंडलेल्या डोळ्यांना लांबचं काहीतरी हवं असायचं. तिथेच एकदा तिला पाण्यावर काळपट पाठ दिसली आणि 'फूस्स' असा श्वास ऐकू आला. डॉल्फिन होता. दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यात सांगितलं, तर कुणी म्हणालं उलटलेली होडी असेल, कुणी म्हणालं प्लास्टिकची पिशवी. आत्या वाद घालणारी नव्हती. तिने कॅमेरा घेतला.

पहिलं वर्षभर तिने फक्त पाण्याचे फोटो काढले. डॉल्फिन वर यायचा, ती कॅमेरा वळवायची, तोवर तो गेलेला असायचा. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, शिंपी. रात्री जेवताना ते एकेक फोटो नीट बघायचे आणि मान डोलवायचे, "छान आलंय हो पाणी." पण त्याच काकांनी लेन्ससाठी अस्तर लावलेली पिशवी शिवून दिली, खारी हवा आत जाऊ नये म्हणून. कॅमेऱ्याच्या डब्यात दमट हवा शोषणाऱ्या पुड्या लागायच्या. नात्यागोत्यात कुणीही नवी चप्पल घेतली की खोक्यातली पुडी आत्याला पोचती व्हायची.

हळूहळू तिला लय सापडली. डॉल्फिन बुडाला की पुढे कुठे निघेल, याचा अंदाज येऊ लागला. फोटोत पाठीवरचे पर स्पष्ट दिसायला लागले आणि तिच्या लक्षात आलं की प्रत्येकाचा पर वेगळा आहे. हाडातली केसाएवढी चीर शोधायची सवय असलेल्या डोळ्यांना हे सोपंच होतं. एकीच्या पराच्या कडेला लांबट, बारीक चीर होती. फोटो बघून काका म्हणाले, "हे तर काज आहे. बटण तेवढं लावायचं राहिलंय." तेव्हापासून ती काजवाली.

हे सगळं आत्या किनाऱ्यावरून करायची. होडी तिला सोसत नसे. धक्क्याला बांधलेल्या होडीत पाय ठेवला तरी तिचं पोट ढवळायचं.

थंडीतली एक रविवारची सकाळ. मी तेव्हा नोकरीला लागले होते आणि सुट्टीला आत्याकडे आले होते. आत्या खडकांवरून परतली ती कॅमेरा गळ्यातच ठेवून. म्हणाली, काजवाली आज एकटीच आहे, एकाच जागी घिरट्या घालतेय. गेले काही आठवडे तिच्याबरोबर पिल्लू दिसत होतं, ते आज कुठेच नाही. चहा होतोय तोवर धक्क्यावरच्या होडीवाल्याचा फोन आला. ओहोटीला खाडीच्या चिखलात एक लहान डॉल्फिन अडकला होता.

आम्ही पोचलो तेव्हा माणसांचं कडं झालेलं होतं. कुणी मोबाईल पुढे करत होतं, दोघं तर शेपटी धरून पिल्लाला पाण्याकडे ओढत होते. आत्या कडं फोडून आत गेली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "हलू नका." सगळे जागच्या जागी थांबले. अर्ध्या गावाला त्या आवाजाची सवय होती. मग तिने शेपटी सोडायला लावली, चादरी मागवल्या, त्या भिजवून पिल्लाच्या अंगावर घातल्या आणि डोक्यावरचं श्वासाचं छिद्र तेवढं उघडं ठेवलं. मोबाईलवाल्यांना तिने बादल्या भरायला लावलं.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी तपासून सांगितलं की जखम नाही, पण पिल्लू अजून आईच्या दुधावर आहे. नुसतं पाण्यात ढकललं तर जगायचं नाही, आईजवळच सोडावं लागेल. आत्याने कॅमेऱ्यातला जुना फोटो काढून दाखवला. काजवालीच्या कुशीतल्या पिल्लाच्या बरगडीवर फिकट डाग होता. चादर सरकवली तर तोच डाग समोर.

"मग तुम्हालाच यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "एवढ्या पाण्यात ती मला ओळखू येणार नाही."

आत्याचा चेहरा उतरला. काका हळूच म्हणाले, "अगं, तुला होडी सोसत नाही."

"अहो, उलटी झाली तर समुद्रातच होईल ना," आत्या म्हणाली. "तुम्ही याला उचलायचं काय ते बघा."

काका दुकानाकडे पळाले. दुकानापुढचं जाड कापडी छत त्यांनी उतरवलं, पिल्लाचे दोन्ही बाजूंचे पर बाहेर राहतील अशी भोकं कापली, कडेला दुहेरी शिलाई मारली आणि उचलायला पट्टे लावले. इतक्या घाईत शिवलेलं त्यांचं काम मी कधी पाहिलं नव्हतं, पण एक टाका उसवला नाही. त्या झोळीत घालून आम्ही सहाजणांनी पिल्लू होडीत ठेवलं.

खाडीच्या तोंडाशीच आत्याला पहिली उलटी झाली. मी बादली धरली होती. तिने तोंड पुसलं, कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा बादलीत वाकली, पुन्हा कॅमेरा. दीपगृहाच्या पलीकडे एक पर वर आला. होडीवाल्याने होडी वळवली. आत्याने मान हलवली, ती नव्हे. दुसरा पर आला, तोही नव्हे. पिल्लाचा श्वास मंदावत चालला होता आणि डॉक्टर सारखे त्याच्यावर पाणी ओतत होते.

मग आत्या म्हणाली, "इंजिन बंद करा. ती बघा."

मला नुसती लाट दिसली. पण सगळ्यांनी मिळून झोळी पाण्यात उतरवली आणि एका बाजूचे पट्टे सोडले. पिल्लू कुशीवर कलंडलं आणि दिसेनासं झालं. होडीवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. तेवढ्यात लहानसा 'फूस्स' आला, आणि पाठोपाठ मोठा. काजवाली पिल्लाच्या खालून त्याला वर ढकलत होती. आत्या रडत होती, ओकतही होती, आणि तिचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर होतं.

काही महिन्यांनंतरही ती दोघं खडकांसमोर दिसत राहिली. पिल्लू अंगाने भरलं. होडीवाले आता कुठेही पाठ दिसली की आत्याला फोन करतात. डॉक्टरांनी काकांकडून तशाच आणखी झोळ्या शिवून घेतल्या, लहान-मोठ्या मापाच्या.

आत्या निवृत्त झाली तेव्हा दवाखान्याने तिचे फोटो एक्स-रेच्या खोलीबाहेर लावले. पिल्लू सोडलं त्या दिवशीचा फोटो मात्र तिने दिला नाही. होडी हलत होती, क्षितिज तिरपं आलंय, म्हणाली. तो काकांनी गुपचूप मोठा करून दुकानात आरशाशेजारी टांगला. गिऱ्हाईक आरशात बघायचं सोडून तिकडेच बघतं, आणि काका माप घेता घेता सगळी हकीकत सांगतात. त्यांच्या सांगण्यात शिलाईचा भाग जरा लांबतो.