वांग्याच्या फुलाचा रंग

"दोन-दोनच्या करा, ताई," रेखा म्हणाली.

मी तिच्या हातात मापाची बांगडी घालून बघत होते. दोन-चारची होती, आणि ती सैल पडत होती. बांगडीची मापं आमच्यात अशीच बोलतात. दोन-आठ भरल्या हाताला, दोन-सहा बेताच्या हाताला. दोन-दोन म्हणजे शाळकरी पोरीचं माप. ही बाई आदल्या दिवाळीला माझ्याकडून दोन-सहा घेऊन गेली होती.

"एवढ्या लहान कशाला?"

"लागतील तवापतुर आजून बारीक व्हईन."

मी तळेगाव ढमढेरेत हाताने दागिने बनवते. रेशमी दोऱ्याच्या बांगड्या, हळदीच्या समारंभात घालायचे सेट, मण्यांच्या माळा. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून "सेम टू सेम द्या" म्हणालं की माझं डोकं फिरतं. स्वतःची आवड म्हणून काही नसतेच लोकांना. रेखाला होती. म्हणून ती मला आवडायची.

तिला पोटाचा कॅन्सर होता. पुण्याच्या डॉक्टरांनी ट्रीटमेंट थांबवून घरी न्यायला सांगितलं होतं. हे तिने मला भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"मी आहेव जानार, नवऱ्याच्या आदी," ती म्हणाली. "बाया मला हिरव्या बांगड्या भरतील. लग्नात हिरव्या, डोहाळजेवनात हिरव्या. मला काय आवडतंय ते कुनी इचारलंच न्हाई. जाताना तरी माझा रंग घालून जाते."

असली ऑर्डर मला कधी आली नव्हती. नाही म्हणावंसं वाटलं. तोंडातून निघालं, "कुठला शेड?"

"वांग्याच्या फुलाचा. आन् मधी पिवळा मनी."

तिने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पण स्क्रीनवर जांभळा रंग कधीच खरा दिसत नाही, मोबाइल बदलला की तो निळा होतो. मी तिला फूलच पाठवायला सांगितलं. दोऱ्याच्या लडी त्या फुलाशेजारी धरून तीन शेड एकत्र गुंडाळले, तेव्हा कुठे तो फिका, धुरकट रंग जमला.

बांगड्या झाल्यावर मी तिला सासूला घेऊन बोलावलं. घरच्यांची परवानगी नसेल तर माझ्या बांगड्यांचा उपयोग शून्य. सासूंनी एक बांगडी हातात घेऊन फिरवून बघितली. मग म्हणाल्या, "तिच्या मनासारखं व्हऊ द्या. हिरव्या न्हाई घालनार मी."

"आत्ता घालून बघ," मी रेखाला म्हटलं.

"नको, मळतील. राहू द्या तुमच्यापाशीच."

दोरा मळतो, हे खरंच आहे. मी डबी कपाटात ठेवली.

ती गेल्याचा फोन आला तसा मी डबी घेऊन तिच्या घरी गेले. अंगणात माणसं जमली होती. तिचा नवरा भिंतीला टेकून बसला होता. बायांनी तिला न्हाऊमाखू घालून साडी नेसवली होती, मळवट भरला होता. हात मोकळे ठेवले होते. सासूंनी शब्द पाळला होता.

मी तिचा हात हातात घेतला आणि मला धसका बसला. हात सुजून टम्म झाला होता. शेवटी अंगात पाणी भरलं होतं, म्हणे. दोन-दोनची बांगडी बोटांच्या पुढे सरकेना. तेल लावलं, साबण लावला. तिच्या हाताशी झटापट करायची लाज वाटली, तरी केली.

मी पिशवीतून कात्री काढली. आत प्लास्टिकचं कडं असतं. एका जागी कापून हातात घालायचं आणि जोडावर दोरा गुंडाळायचा, दोन मिनिटांचं काम.

सासूंनी माझं मनगट धरलं. "काय करताय?"

"कापून घालते, मावशी. दिसणार नाही."

"आहेव बाईच्या हातात कापलेली बांगडी?"

"तिची इच्छा होती. तुम्ही हो म्हणाला होतात."

"रंगाला व्हय म्हनले व्हते." त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. "नवरा मेल्यावर बाईच्या बांगड्या फोडत्यात, ताई. माझं लेकरू तितं बसलंय, जित्तं हाय. त्याच्या डोळ्याम्होरं तिच्या हातात तुटकी बांगडी घालू व्हय मी?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. मी कात्री पिशवीत टाकली.

कासाराकडून मोठ्या मापाच्या बांगड्या आणल्या. हिरव्या. त्या हातात गेल्या. सासूंनीच भरल्या, रडत रडत.

आता आजारी माणसासाठी मी बंद बांगडी करत नाही. उघड्या तोंडाचं कडं करते, दाबलं की लहान होतं, ओढलं की मोठं. आणि दुसरा नियम असा, की ते माझ्यासमोर हातात घालायचं. "मळेल, नंतर घालू" म्हणणाऱ्या बाईला मी सरळ सांगते, मळू दे, मी दुसरं करून देईन. काहीजणींना हा माझा आगाऊपणा वाटतो. वाटू दे.

वांग्याच्या फुलाचा तो रंग तिच्या हातावर कसा दिसला असता, मला माहीत नाही. तिनेही तो आपल्या हातावर कधी बघितला नाही.