हाताला लागलेलं तेल

आमच्या चर्चच्या वाडीत एखाद्याला ‘तेल झालं’ असं कुणी म्हटलं, की बायका हातातलं काम टाकून त्या घरी जायच्या. कुणीतरी चहाचं मोठं पातेलं न्यायचं, कुणी शवपेटीसाठी सुताराला निरोप द्यायचं. माणूस अजून श्वास घेत असायचा. धर्मगुरू आजाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची डबी घेऊन आले म्हणजे आता संपलंच, असं सगळे धरून चालायचे. आईच्या आईला दुपारी तेल झालं आणि संध्याकाळी ती गेली. आई ते विसरली नव्हती.

पप्पा रत्नागिरीच्या जेटीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा त्यांचं लिव्हर बिघडलं. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. एकदा पेज पिता पिता ते म्हणाले, “फादरना बोलव ना. जन्मभर हात तेलातच होते, आणखी थोडं लागलं तर काय बिघडतं?”

आई चिडली. “गप बसा हां! भरल्या घरात असलं बोलायचं नाही.”

पप्पा हसले आणि पेज प्यायले. पण त्यांना ते हवं होतं, असं मला वाटलं. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मी घाबरत घाबरत फादरना विचारलं.

“तेल आजाऱ्यासाठी असतं, पोरी,” ते म्हणाले. “आजार वाढला, मोठं ऑपरेशन असलं, की बोलवायचं. माणूस शुद्धीत असताना, म्हणजे त्याला पापकबुली देता येते, प्रार्थना म्हणता येते. बरा होऊन पुन्हा आजारी पडला, तर पुन्हाही घेता येतं. तुम्ही लोक मात्र शेवटच्या घटकेला धावत येता.”

हे मी घरी सांगितलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “कॉलेजात आता हेपण शिकवतात काय गो? फादर दारात दिसले की ह्यांचा धीर सुटेल. मी बघते ना.”

मी तव्यावरची भाकरी उलटली. ती पप्पांना जपत होती, हे मला दिसत होतं.

आठवडाभराने सकाळी पप्पा हाकेला ओ देईनात. आईच ओरडली, “जा, फादरना घेऊन ये. तेल आणायला सांग!” मी धावत गेले. फादर लगेच स्कूटरवरून निघाले, मी मागे बसले. पोचलो तेव्हा वाडीतले डॉक्टर बाहेर येऊन चपला घालत होते. त्यांनी फक्त मान हलवली.

फादरनी हातातली छोटी डबी खिशात ठेवली.

“लावा ना, फादर,” आई म्हणाली. “कपाळाला तरी लावा.”

“हे जिवंत माणसासाठी असतं, बाई. आता आपण त्याच्यासाठी प्रार्थना करू.”

ते जमिनीवर गुडघे टेकून बसले. त्यांनी पप्पांचा हात हातात घेतला. नखांच्या कडेला इंजिनाचं काळं अजून होतं. प्रार्थना संपेपर्यंत आई फादरच्या खिशाकडे बघत होती.

पुढच्या वर्षी आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या रविवारी मिस्सा संपल्यावर ती कुणाला काही न सांगता वेदीजवळ जाऊन उभी राहिली. फादरनी तिच्या कपाळाला तेल लावलं, मग तळहातांना. मागच्या बाकांवर बायका कुजबुजल्या. शेजारची काकू म्हणाली, “अगो, ही तर चालत आलीय!”

तिथूनच आम्ही हॉस्पिटलात भरती व्हायला निघालो, तेव्हा एसटीत आईने समोरची दांडी धरली नाही. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसली. वळणावर ती माझ्या अंगावर कलली, मी तिला धरलं.

“थंड लागतं गो,” ती म्हणाली. मग तळहातांकडे बघत म्हणाली, “एवढंच तर होतं. तुझे पप्पा घाबरले नसते.”

मी तिच्या खांद्याभोवतीचा हात स्टँड येईपर्यंत काढला नाही.