आबांसमोर नाही म्हणालो

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या छातीचा एक्स-रे खिडकीकडे धरला आणि विचारलं, "विडी-सिगारेट किती ओढता?"

शेजारी आबा, माझे वडील, पटका सावरत उभे होते. आमच्याकडे लेकराबाळांचा धनी झालेला मुलगाही वडिलांसमोर विडी ओढत नाही. लांबून त्यांची चाहूल लागली तरी धूर गिळून टाकतो. पलटणीत मी सिगारेटी भरपूर फुंकल्या होत्या. लढाई संपून गावी आलो तरी सवय सुटली नव्हती. पण तोंडातून शब्द निघाला, "नाही ओढत."

डॉक्टर म्हणाले, "थुंकीत जंतू दिसत नाहीत. पण या वयात एवढा खोकला, एवढी धाप कशाची? क्षयाची शंका धरूनच चालू. घरात वेगळे राहा. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका."

तरीही खरं सांगायचं धाडस झालं नाही. बंदुकीच्या गोळ्यांपुढे उभा राहिलेला गडी मी!

वडूजजवळच्या आमच्या गावी माझी बाज गोठ्यात पडली. ताट-तांब्या वेगळा झाला. माझी बायको तारा चार वर्षांच्या शेवंताला घेऊन विट्याला माहेरी गेली. जाताना ती रडत होती आणि मी आढ्याकडे बघत होतो. गोठ्यात एकट्याला तर रान मोकळंच मिळालं. ओढत राहिलो. विहिरीपर्यंत जाताना वाटेत बसावं लागे. लाज वाटायची, आणि लाज वाटली की आणखी एक पेटवायचो.

आबांनी मला पुन्हा सांगलीला नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून मान हलवली. मी काही बोलायच्या आत आबाच म्हणाले, "सायेब, ह्यो वडतोय. लय वडतोय."

मी खाली मान घातली.

"मला पयल्यापास्नं ठावं हुतं," आबा म्हणाले. "पर पोरगं माज्यासमोर न्हाई म्हनलं. त्याला चारचौघांत खोटं कसं पाडू?"

माझी अब्रू राखायला त्यांनी नातीला घराबाहेर जाऊ दिलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

डॉक्टर संतापले. "दोघांनी मिळून त्या पोरीला बापापासून तोडलंत!" मग शांत होऊन त्यांनी सांगितलं, हा ब्राँकायटिस आहे, म्हणजे श्वासनलिकांना आलेली सूज. "आजच सोडा. तरुण आहात, छाती सावरेल."

सोडली. सुरुवातीला हात थरथरायचे, बैलांवरसुद्धा खेकसायचो. खोकून खोकून काळपट कफ पडायचा आणि वाटायचं, आता खराच क्षय झाला. पण छाती मोकळी होताना असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं. हळूहळू धाप उतरली. मी मोट हाकू लागलो.

तारा परत आली. शेवंता उंबऱ्यातच थांबली आणि मला बघताच तिनं परकराचं टोक तोंडावर धरलं.

"ये की बाळ, मी बरा झालोय."

"न्हाई. आय म्हंती, बापाजवळ जायाचं न्हाई."

ज्यांना असा खोकला असेल त्यांनी डॉक्टरांना खरं सांगावं. वडील शेजारी असतील तर त्यांना बाहेर बसवावं, उद्धट म्हणाले तर म्हणू द्यावं. त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. श्वास आता पुरतो. शेवंता मात्र अजून माझ्या हातचा घास घेत नाही.