चांदीला न मानवणारी हवा

आमच्या गल्लीत कुणाकडे सोयरीक जमवायला पाहुणे येणार असले, की सासूबाईंना बोलावणं यायचं. बोलावणं खरं तर त्यांच्या चांदीला असायचं: पळी, तुपाची तामली आणि चटण्या वाढायचं चार खणांचं भांडं. सगळं त्यांच्या आजीचं, धुळ्याहून आलेलं. पळीच्या दांड्यावर पोपट कोरलाय, त्याचं एकेक पीस हातानं काढलेलं. तशी पळी मी कुठल्याच दुकानात पाहिली नाही, हे मला रागातही कबूल करावं लागतं. सासूबाई ती कुणाच्या हातात देत नसत, स्वतः जाऊन तूप वाढून येत. एरवी डाइंग मिलमधल्या कामगाराची विधवा; पण पळी घेऊन पंगतीत फिरायला लागल्या की पोलिसातले पाहुणेसुद्धा पाय आखडून घेत.

पण आमच्या पांडेसऱ्यात चांदी टिकत नाही. मागे खाडी, पलीकडे मिलच्या चिमण्या. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते, आणि आज घासलेला पोपट चार दिवसांत काळवंडतो. सासूबाई दर शनिवारी दंतमंजन घेऊन घासत बसायच्या.

माझ्या मुलीचा खोकला ती तीन वर्षांची असताना सुरू झाला. आता ती दप्तरात दम्याचा पंप घेऊन शाळेत जाते. डॉक्टर म्हणाले, जमलं तर जागा बदला. जमत होतं. नणंद शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिलपासून लांब अडाजणला राहते, तिच्याच बिल्डिंगमध्ये भाड्याची जागा रिकामी होती. सासूबाई ऐकेनात. "तुना नवरा आठेच मोठा व्हयना. त्याले काय व्हयनं?" इथेच वाढला, त्याला काय झालं, हेच त्यांचं पालुपद. सासऱ्यांनी बांधलेलं घर सोडून भाड्यानं राहायचं, हे त्यांच्या गळी उतरेना. नवरा आईपुढे तोंड उघडत नाही. मी बोलून बोलून थकले.

गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी त्या चांदी जुन्या धोतरात बांधताना दिसल्या. नवरा गाडीची किल्ली घेऊन उभा. कुठे निघालात म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, अडाजणला, लेकीकडे ठेवायला. "आठली हवा बेकार शे. चांदी खराब व्हई जास."

माझं डोकंच फिरलं. आत जाऊन मुलीचे दोन फ्रॉक आणि पंप पिशवीत कोंबला, आणि तिला नेऊन गाडीवर बसवलं. म्हटलं, "आई, मग हिलाही पाठवा. हीसुद्धा तुमच्याच घरातली आहे." आवाज इतका चढला होता की शेजारच्या बाया दारात आल्या.

सासूबाईंनी गाठोडं पोटाशी धरलं. त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, कळलं एकदाचं. मग त्यांनी गाठ सोडली, पळी ओट्यावरच्या फळीवर नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "मंग ऱ्हाऊ दे. चांदी बी आठेच राही."

त्यांना वाटलं, न्याय झाला. जिवापाड जपलेली वस्तू त्यांनी नातीसाठी सोडली होती, आणि नात होती तिथेच होती.

तेव्हापासून त्या चांदी घासत नाहीत. पोपटाची पिसं आता दिसत नाहीत. शेजारून बोलावणं आलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगतात. मुलगी खोकायला लागली की मी पंप शोधते, आणि सासूबाई फळीकडे पाठ करून बसतात.