माझ्या गुडघ्यावर बांधलेली पगडी

तिकीट त्याला मिळालं. विधानसभेचं, आणि तेही माझ्याच पक्षाचं! महाराज बाड्याच्या चौकात चहा पिताना बातमी कळली आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तो म्हणजे माझा कॉलेजातला दोस्त. गावी सरसोंची शेती. शिकायला ग्वाल्हेरला आला तेव्हा दाना ओली गल्लीत आमच्याच घरी भाड्याने राहिला, आणि राहता राहता माझ्या वडिलांचा लाडका झाला. मी त्यांना आबा म्हणतो म्हणून तोही आबाच म्हणायला लागला. कॉलेज संपल्यावर तो शेतीवर परतला, मी वकील झालो आणि पक्षात शिरलो. सतरंज्या उचलण्यापासून सभा गाजवण्यापर्यंत सगळं केलं हो मी! आणि हा? आधी सरपंच झाला. मग विजेसाठी ट्रॅक्टर आडवे घालून रस्ता अडवला, गुडघ्यावर पोलिसांची लाठी खाल्ली आणि जिल्हा पंचायतीत जाऊन बसला. धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत त्याला. पण कुणाच्याही घरी तेरवी असली की हा लंगडत हजर, शेवटची पंगत उठेपर्यंत हलायचा नाही. मी हसायचो. राजकारण काय असं जेवणावळींत बसून होतं? होतं, महाराजा, होतं.

तरी तिकिटाचं मी गिळलं असतं. माझा जीव अडकला होता पगडीत. आमच्या घराण्याची लाल पगडी. पणजोबा ती बांधून महाराजांच्या दसऱ्याच्या दरबारात जायचे. दरबार गेले, कापड पेटीत राहिलं. मी पक्षात गेलो तेव्हा आबा म्हणाले होते, "निवडणुकीचा फॉर्म भरायला निघशील ना, त्या दिवशी बांधीन तुला." किती निवडणुका आल्या नि गेल्या.

फॉर्म भरायच्या सकाळी तो आशीर्वाद घ्यायला आला. बाहेर जीपा, ढोल, गल्ली जाम. त्याला वाकताना पाहून आबांचे डोळे भरले. माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, पेटीतली पगडी आण."

"आबा, ती घरची आहे," मी म्हटलं.

"मग हा काय बाहेरचा आहे?"

आबांचे हात आता कापतात, म्हणून बांधायची मी! आमच्याकडे पगडी ज्याच्या डोक्यावर जायची त्याच्याच गुडघ्यावर बांधतात, माप बरोबर येतं. पण त्याचा गुडघा लाठीपासून वाकतच नाही.

"मग तुझ्या गुडघ्यावर बांध," आबा म्हणाले. "काय फरक पडतो?"

सैल बांधावी, भर बाजारात सुटावी, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू? पण आबा बघत होते. एकेक पेच घट्ट दिला. त्याच्या डोक्यावर ठेवली तर अशी चपखल बसली की दारातले लोक टाळ्या वाजवायला लागले.

"वा! अगदी मापात," आबा म्हणाले.

माप माझं होतं, आबा.

तो ढोलांच्या गजरात बाहेर पडला. मी गुडघा उभा करून तसाच बसून होतो.

"अरे, बसलास काय?" आबा ओरडले. "जा त्याच्याबरोबर. तिथे भाषण कोण करणार?"