रुखमाबाईचे गुबगुबीत मासे

घाटंजीजवळच्या त्या गावात कापूस वेचण्यात रुखमाबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. पन्नाशी उलटली होती, नवरा गेल्यापासून घरात एकटीच होती. पण संध्याकाळी काट्यावर सगळ्यात जड गाठोडं तिचंच. पहिला नंबर आपला, ही तिची सवय. ती सवय तिला कापसापुरती काही ठेवता आली नाही.

२००६ सालचा पावसाळा होता. चिकनगुनियानं अर्धं गाव वाकून चालत होतं. अशात आरोग्यसेवक डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे घेऊन आला आणि थेट शेजारच्या दीपमालाकडे गेला. नळ आठवड्यातून एकदा यायचा, त्यामुळे सिमेंटचं टाकं घरोघरी होतं. दीपमालाचं मात्र सावलीत होतं, म्हणून मासे वाढवायला त्यानं तेच निवडलं. रुखमाबाईच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. काल-परवा सून म्हणून आलेली ही पोर, आणि सगळी वस्ती मासे न्यायला तांबे, डबे घेऊन हिच्या दारात! रुखमाबाईलाही सहा मासे तिच्याच हातून घ्यावे लागले.

"मावशी, त्याइले काही खाऊ घालू नका," दीपमाला म्हणाली. "उपाशी असले तरच अळ्या खातेत."

"मले नको शिकवू व पोरी. तुह्या जन्माच्या आधीपासून पाणी भरून राह्यली मी."

दीपमालाचे मासे काडीसारखे बारीक होते. उपाशी मारते मेली, रुखमाबाई मनात म्हणाली, आणि सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकर कुस्करून आपल्या टाक्यात टाकू लागली. महिन्याभरात मासे असे गुबगुबीत झाले, की ती येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला हाताला धरून आणी.

"पाहा माहे मासे. अन् तिचेई पाहून या."

बायका कौतुक करायच्या. त्या दिवसांत तिला झोप छान लागायची.

टाक्याच्या कोपऱ्यात अळ्या वळवळत होत्या. तिला दिसल्याही होत्या. पण विचारायचं कोणाला? दीपमालाला? त्यापेक्षा राहू देत, मासे आहेत, खातील कधीतरी. भाकरीनं पोट भरलेले मासे अळ्यांकडे ढुंकूनही बघत नव्हते.

दसरा झाला, वेचणी तोंडावर आली आणि रुखमाबाई तापानं फणफणली. ताप तीन दिवसांत उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. बोटं मिटेनात. वेचणीच्या पहिल्या दिवशी ती घरात पडून होती, आणि शेताकडे जाणाऱ्या बायांचं बोलणं ऐकत होती.

दिवस मावळताना दीपमाला शेतातून परस्पर तिच्याकडे आली. टाक्यात डोकावली आणि तिथंच थबकली.

"मावशी, याइले भाकर टाकत होत्या काय?"

रुखमाबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. दीपमालानं पदर खोचला. मासे बादलीत काढले, टाकं उपसलं, कडा घासल्या, घरून चार घागरी आणून ओतल्या आणि मासे परत सोडले. मग हात धुऊन तिच्या उशाशी बसली, घरून आणलेल्या वरणात भाकर कुस्करली आणि घास तिच्या तोंडाशी नेला. रुखमाबाईला संताप आला, लाज वाटली, आणि भूकही लागली होती. तिनं तोंड उघडलं.

"आज कोनाचं गाठोडं जड भरलं?" घास गिळून तिनं विचारलं.

दीपमाला ताटातली भाकर कालवत राहिली.

"माहं," ती हळूच म्हणाली, आणि दुसरा घास पुढं केला.

त्या घासाला तोंड उघडायला रुखमाबाईला बराच वेळ लागला.